विंडोज चालतं, लिनक्स बसत नाही: एका जुन्या लॅपटॉपचं प्रकरण

लॅपटॉप २००८ च्या पिढीचा. इंटेल कोअर २ ड्युओ पी८४००, म्हणजे २.२६ गिगाहर्ट्झचे दोन कोअर, जीएम४५ चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणारी चिप), २-२ जीबीच्या दोन डीडीआर३ स्टिक, १६० जीबीची ५४०० आरपीएमवाली हार्डडिस्क आणि साधं जुनं बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम; त्याचा नवा अवतार यूईएफआय वगैरे भानगड नाही. खाली व्हिस्टाचा झिजलेला स्टिकर, आत मात्र कुणीतरी मागाहून टाकलेलं ३२-बिट विंडोज ७. हे ३२-बिट लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

शेजारच्या काकांनी हा सेकंडहँड घेतला. कामं त्यांची साधी, मराठीत टायपिंग, मेल, अधूनमधून व्हिडिओ, बँकेची साइट. घेताना त्यांनी चालवून बघितला होता आणि विकणाऱ्यानेही सांगितलं होतं की एकदम मस्त चालतो. आणि खरंच चालत होता. फक्त ब्राउझर सारखा "मी जुना झालोय" म्हणून ओरडायचा आणि बँकेची साइट उघडायचीच नाही, जे बरोबरच आहे कारण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकूच नये, ते मी काकांना आधीच सांगून टाकलं.

"अरे मग नवीन विंडोज टाक की, त्यात काय एवढं," काका म्हणाले.

तर त्यात एवढं असतं. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) जमेल असं यूईएफआय लागतं, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आता या अटी चुकवायच्या युक्त्या सगळीकडे फिरत असतात आणि लोक खुशाल वापरतात, पण कोअर २ वर त्या युक्त्याही संपतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोजला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना हव्याच असतात, त्या इंटेलने कोअर २ च्या नंतरच्या पिढीत आणल्या. ही अट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, काही बदलून टळत नाही, प्रोसेसरला ती सूचना कळतच नाही त्यामुळे बूटच होत नाही. विंडोज १० बसलं असतं, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका मेलेल्या विंडोजवरून दुसऱ्या मेलेल्या विंडोजवर जाण्यात काय हशील.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं असं ते स्वतःच सांगतात, अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत येणार आणि मेनू खालच्या डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस बावचळत नाही. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो तो सांगून टाकतो, की मशीन जुनं म्हणजे त्याला ३२-बिट सिस्टिमच टाकावी. नाही. कोअर २ ड्युओ ६४-बिटच आहे, आधी कुणीतरी ३२-बिट विंडोज टाकलं म्हणून प्रोसेसर ३२-बिट होत नाही. आणि आता ३२-बिटच्या नादी लागायची सोयही राहिली नाही, उबंटूने केव्हाच सोडलं, डेबियन १३ ला सुद्धा ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

इथपर्यंत सगळं नेहमीचं. माझ्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकलेलं असतं, त्यावर आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम ज्यात येते ती एक फाइल) नुसती कॉपी केली की झालं, दरवेळी पेनड्राइव्ह नव्याने लिहीत बसावं लागत नाही. आयएसओचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आलीय का हे पडताळायचा आकडा, माझ्या मशीनवर जुळवून घेतला होता. काकांचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूट झाला, मिंटचा लाइव्ह डेस्कटॉप (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारा) आला, काकांना हिरवा लोगो आवडला, मी इन्स्टॉल दाबलं.

अडकतंय, पण दरवेळी वेगळ्या जागी

निम्म्यावर गेल्यावर डबा आला, एरर नंबर ५, इनपुट-आउटपुट एरर. या इन्स्टॉलरचा हा मेसेज फार जुना आणि ज्यांनी थोडंफार लिनक्स टाकलंय त्यांच्या ओळखीचा. त्यात लिहिलेलं असतं की सीडी-डीव्हीडी खराब असेल किंवा हार्डडिस्क खराब असेल, सीडी पुसून बघा, कमी स्पीडला राइट करून बघा, ड्राइव्हची लेन्स पुसा, हार्डडिस्क जुनी झालीय का ते बघा, नाहीतर मशीन जरा थंड जागी नेऊन ठेवा. लेन्स पुसायला सांगतोय, आणि इथे सीडीच नाहीये. पण गंमत बाजूला, त्या मेसेजमध्ये एक शब्द कुठेच नाही, रॅम. त्यामुळे तो वाचून प्रत्येक माणूस आधी पेनड्राइव्ह बदलतो, मग पोर्ट बदलतो, मग आयएसओ पुन्हा डाउनलोड करतो आणि मग दुसरंच कुठलं तरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, शोधायला लागतो.

पुन्हा लावलं. आता आधीच्या जागी काही झालं नाही, त्याच्या बरंच पुढे जाऊन मशीन जागच्या जागी हँग, माउससुद्धा हलेना. परत बूट केलं तर लाइव्ह डेस्कटॉप येता येताच काळ्या स्क्रीनवर स्क्वॉशएफएस एररच्या ओळी धडाधड यायला लागल्या. स्क्वॉशएफएस म्हणजे लाइव्ह सिस्टिम ज्यात दाबून भरलेली असते ती मोठी कॉम्प्रेस केलेली फाइल, त्यातला तुकडा उलगडताना गडबड झाली की या ओळी येतात.

आता इथे थांबून एकच प्रश्न विचारायचा, आणि माझं मत असं की जुन्या मशीनवर हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी विचारायला हवा: दरवेळी त्याच जागी अडकतंय का वेगवेगळ्या जागी? पेनड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर ती दरवेळी तेवढीच खराब असते, म्हणजे इन्स्टॉलर त्याच टक्क्यावर, त्याच फाइलवर येऊन अडकणार. बायोसला एखादी गोष्ट पटत नसेल तर तीही दरवेळी तशीच पटणार नाही. पण एकदा इथे, एकदा तिथे, एकदा हँग, एकदा एरर, असं चाललं असेल तर फाइल कितीही वेळा डाउनलोड करा, काही होणार नाही. तिथे संशय रॅमवर, तापमानावर, किंवा पॉवरवर जायला पाहिजे. मरायला टेकलेली हार्डडिस्क सुद्धा कधीकधी असं सोंग करते, पण इथे तर लाइव्ह डेस्कटॉप येतानाच एरर येत होत्या, तेव्हा हार्डडिस्कचा संबंधच नव्हता, सगळं पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चाललं होतं.

पेनड्राइव्ह निर्दोष आहे हे दाखवणं सोपं होतं, तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर लावला, तिथे मिंट बिनतक्रार आलं. तापमानाचं म्हणाल तर फॅन फिरत होता, जाळीतून गरम हवा बाहेर येत होती, आणि थंड मशीन सुरू केल्या केल्या सुद्धा एरर येत होत्या. तेव्हा तोही संशय मागे पडला.

मग एक छोटा प्रयोग केला, जो मला मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामइतकाच आवडतो कारण समोरच्या माणसाला लगेच पटतो. दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर तीच आयएसओ फाइल ठेवली, काकांच्या लॅपटॉपवर लाइव्ह मिंट कसंबसं आणलं, टर्मिनल उघडलं आणि त्या फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढला. मग मशीन रिस्टार्ट करून परत काढला. दोन वेगळी उत्तरं. आणि दोन्ही मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळणारी नाहीत. फाइल तीच, पेनड्राइव्ह तोच, प्रोग्राम तोच. चेकसम म्हणजे काही अंदाज नव्हे, अडीच-तीन जीबीच्या फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खा आकडा पार बदलून जातो. म्हणजे फाइल पेनड्राइव्हवरून निघून प्रोसेसरपर्यंत पोचेपर्यंत कुठेतरी एखादा बिट पलटत होता.

"म्हणजे बेरीज करताना चुकतोय?" काकांनी विचारलं.

"बेरीज बरोबर करतोय काका, पण त्याला आकडेच चुकीचे वाचून दाखवतंय कुणीतरी."

मेमटेस्ट काय म्हणाला

व्हेंटॉयवर मेमटेस्ट८६+ ची फाइल पडलेलीच असते. हा प्रोग्राम कुठल्याही सिस्टिमशिवाय थेट बूट होतो आणि रॅमच्या प्रत्येक जागी वेगवेगळे नमुने लिहून परत वाचून बघतो. मध्ये बरीच वर्षं तो जुनाच पडून होता, २०२२ मध्ये सहावी आवृत्ती आली ती जवळपास नव्याने लिहिलेली, ती जुन्या बायोसवर पण चालते आणि यूईएफआयवर पण, तेव्हा नवीनच घ्यावी.

पहिला पास पूर्ण व्हायच्या आतच लाल ओळी आल्या. त्या ओळी नीट वाचायच्या असतात, नुसतं "एरर आली, रॅम गेली" करून सोडायचं नसतं. अपेक्षित होतं ००००००००, सापडलं ००००२०००. पुढची ओळ, पुन्हा तेच. म्हणजे एकच बिट, शून्य लिहिलं तरी एक म्हणूनच परत येणारा. आणि जिथे सगळे एक लिहायचे नमुने होते तिथे एररच नाही, कारण तो बिट आधीच एकवर चिकटून बसलाय, त्याला एक लिहिलं तर तो बरोबरच उत्तर देणार.

यावरून वेगवेगळ्या जागी अडकण्याचा उलगडा होतो. खराब जागा एकच आहे आणि ती कुठे हलत नाही. हलतं काय, तर त्या जागेवर कोण येऊन बसतं ते. एका बूटला तिथे आयएसओचा तुकडा येतो, दुसऱ्या वेळी कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, काहीतरी, तिसऱ्या वेळी डेस्कटॉपचा वॉलपेपर, आणि वॉलपेपरचा एक बिट गेला तर कुणाच्या बापाला कळत नाही. शिवाय तिथे आलेला बिट मुळातच एक असेल तर त्या वेळी काहीच बिघडत नाही. म्हणून कधी इन्स्टॉल पार ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं आणि माणसाला वाटतं की आता होतंय बहुतेक.

आणि हे इन्स्टॉल चुकून पूर्ण झालं असतं तर? हे जास्त वाईट. डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या सगळ्या फाइल आधी रॅममधून जातात, त्यामुळे खराब बिट चुपचाप डिस्कवर उतरला असता, मशीन सुरू झालं असतं, आणि महिन्याभराने काकांची एखादी फाइल उघडली नसती किंवा अपडेट मध्येच फसला असता आणि सगळ्यांनी मिळून लिनक्सला शिव्या घातल्या असत्या.

पण खरी मजेची गोष्ट पत्त्यात होती. मेमटेस्ट एररचा पत्ता दाखवतो, तो होता ४.३ जीबीच्या आसपास. मशीनमध्ये रॅम किती? ४ जीबी. मग ४.३ वर काय आहे?

हे असं असतं. ग्राफिक्स, नेटवर्क, बाकीची उपकरणं यांनाही प्रोसेसरशी बोलायला पत्ते लागतात आणि ते पत्ते पहिल्या ४ जीबीच्या वरच्या टोकाला राखून ठेवलेले असतात. तिथे रॅमला जागा मिळत नाही. मग चिपसेट काय करतो, जेवढी रॅम त्या राखीव पत्त्यांखाली झाकली गेली तेवढी उचलून ४ जीबीच्या पुढे नेऊन लावतो. म्हणून ४ जीबी रॅम असलेल्या मशीनमध्ये शेवटची जवळपास एक जीबी ही ४ ते ५ जीबीच्या पत्त्यांवर नांदत असते.

आणि घरगुती वापराचं ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढचे पत्ते वापरतच नाही, तशी त्याला मर्यादाच घालून दिलेली आहे. म्हणून तर ४ जीबी टाकून ३२-बिट विंडोजमध्ये ३ च्या आसपास जीबी दिसते आणि लोक विचारतात बाकीची कुठे गेली. बाकीची आहे तिथेच, विंडोज तिकडे जात नाही. काकांच्या लॅपटॉपचा खराब बिट नेमका या न वापरलेल्या भागात होता. कितीही वर्षं विंडोज ७ चालवा, त्याचा पाय तिथे पडणारच नव्हता. विकणारा खोटं बोलत नव्हता, काकांनी बघितलं तेही खरं होतं. आणि मिंट ६४-बिट असल्यामुळे त्याला सगळी रॅम दिसते, वर लिनक्सची सवय अशी की मोकळी रॅम दिसली की ती वाचलेल्या फाइली ठेवायला वापरून टाकायची, त्यामुळे मोठी आयएसओ वाचताना तो त्या बिटावर हमखास जाऊन आदळत होता. ३२-बिट विंडोज परत टाकलं असतं तर "बघा, विंडोज चालतं, लिनक्स चालत नाही, लिनक्सच बेकार" असा निष्कर्ष निघाला असता आणि समोर पुरावाही दिसला असता.

कुठली स्टिक

दोन स्टिक आहेत, एक खराब. पत्त्यावरून कुठली ते सांगता येईल असं वाटतं पण नाही सांगता येत, कारण सारख्या दोन स्टिक असल्या की चिपसेट दोन्ही चॅनेलवर पत्ते आलटून पालटून वाटतो, म्हणजे एकाच भागातले शेजारशेजारचे तुकडे दोन वेगवेगळ्या स्टिकवर असतात. तेव्हा सरळ रस्ता, चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, आणि एक स्टिक काढून एकटीवर मेमटेस्ट.

पहिली एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये, पूर्ण पास स्वच्छ. दुसरी एकटी, त्याच स्लॉटमध्ये, लाल. पत्ता आता २ जीबीच्या आत आलेला, कारण एकूण रॅमच २ जीबी आहे, वर उचलून नेण्यासारखं काही राहिलंच नाही, पण बिट तोच. मग चांगली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली, स्वच्छ. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग नवी रॅम आणून बघतात तर दोष स्लॉटचा निघतो.

खराब स्टिकचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत लावली, कारण जुन्या मशीनमध्ये निम्म्या वेळा नुसता काळपटपणा असतो आणि पुसल्यावर सगळं सुरळीत होतं. इथे नाही झालं. एकच बिट कायम चिकटलेला असेल तर तो बहुतेक चिपच्या आतला दोष, पुसून जाणारा नाही. ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला, खराब पत्ता सांगून कर्नलला तेवढी जागा टाळायला लावता येते, त्याची सोय आहे, मेमटेस्ट त्यासाठी लागणारी ओळ सुद्धा बनवून देतो. स्वतःच्या मशीनवर, रॅम सोल्डर केलेली असेल तर मी ते करीनही. पण दुसऱ्याच्या मशीनवर, जिथे स्टिक एका झटक्यात निघते, तिथे असली ठिगळं कशाला.

आता बदली. माझ्याकडे पडलेली ४ जीबीची डीडीआर३ स्टिक लावली तर स्क्रीनच येईना, नुसता फॅन. हे जीएम४५ चं वैशिष्ट्य ठाऊक नसेल तर माणूस समजतो की मशीनच गेलं. या चिपसेटला जास्त घनतेच्या चिपा असलेली स्टिक कळत नाही. ४ जीबीची स्टिक चालते, पण दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली, जिच्या लेबलवर २आरएक्स८ छापलेलं असतं. माझी होती ती १आरएक्स८, आठच चिपांमध्ये ४ जीबी बसवलेली, नंतरच्या काळातली. लेबल बघून दुसरी मिळवली, लागली. स्पीडची काळजी करायची गरज नाही, १३३३ किंवा १६०० ची असली तरी हा चिपसेट तिला १०६६ वर चालवून घेतो. चांगली २ आणि ही ४, एकूण ६ जीबी. त्यावर मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला, सकाळी शून्य एरर.

हार्डडिस्कही याच ओघात तपासली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या यादीत ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे अजून निकाल न लागलेले सेक्टर. हे दोन आकडे शून्य असतील तर ठीक, १९७ शून्यापेक्षा जास्त आणि वाढता असेल तर डिस्क वाटेला लागलीय असं समजायचं. इथे १९७ शून्य नव्हता. एसएसडी घातली. या लॅपटॉपचं साटा (डिस्कची जोडणी) ३ गिगाबिटवालं, म्हणजे एसएसडी सेकंदाला २८० एमबीच्या पुढे जाणार नाही, तर लोक म्हणतात मग उपयोग काय. उपयोग असा की ५४०० आरपीएमच्या डिस्कमध्ये हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, डोकं सरकायचा वेळ वेगळा, आणि ब्राउझर उघडताना अशा शेकडो बारक्या फाइली वाचाव्या लागतात. तो सगळा वेळ एसएसडीत वाचतो. जुन्या मशीनला एकच गोष्ट द्यायची असेल तर एसएसडी द्या असं मी कुणालाही सांगेन. जुन्या डिस्कवर आधीच्या मालकाचे फोल्डर तसेच होते, ते न उघडता पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून टाकली.

दुसरी अडचण, ही मात्र दरवेळी सारखी

आता इन्स्टॉल एका दमात पूर्ण झालं. रिस्टार्ट केलं तर बायोस म्हणतंय बूट करण्यासारखी डिस्कच सापडत नाही. परत केलं, अक्षरशः तेच. बूटचा क्रम तपासला, बरोबर. म्हणजे हा नियमाचा मामला, हार्डवेअरच्या लहरीचा नाही, आणि अशा वेळी मला उलट बरं वाटतं कारण सारखी चूक शोधून काढता येते.

झालं असं की "पूर्ण डिस्क पुसून टाका" हा पर्याय घेतल्यावर इन्स्टॉलरने जीपीटी या नव्या प्रकारचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) केलं होतं. तत्त्वतः जुन्या बायोसवर जीपीटीवरून बूट होतं, ग्रबसाठी एक एमबीचं छोटं पार्टिशन ठेवलं की झालं. पण काही जुनी बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बघतात की एखादं पार्टिशन ॲक्टिव्ह म्हणून खूण केलेलं आहे का, नसेल तर ती डिस्क बूटची नाहीच असं ठरवून मोकळी होतात. जीपीटीमध्ये तिथे नुसतं नावापुरतं एक पार्टिशन असतं, त्यावर ही खूण नसते. खूण हाताने करता येते, पण एवढ्या छोट्या डिस्कला जीपीटी हवंच कशाला, एमबीआर या जुन्या प्रकाराची मर्यादाही २ टीबीची आहे.

म्हणून लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड उघडून डिस्कवर एमएस-डॉस प्रकारचं (म्हणजे एमबीआरच) नवीन टेबल केलं, त्यात एकच एक्स्ट४ पार्टिशन, त्याला बूट फ्लॅग, आणि इन्स्टॉलरमध्ये "समथिंग एल्स" घेऊन ते पार्टिशन रूट म्हणून दिलं, बूटलोडर मात्र पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर. वेगळं स्वॅप पार्टिशन नाही केलं, मिंट स्वॅप फाइल वापरतं. रिस्टार्ट, आणि सरळ डेस्कटॉप.

बाकीचं पटापट सांगतो. ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची बोंब, अपडेटही म्हणे की ही यादी अजून लागूच झालेली नाही. घड्याळ बघितलं, २००८ साल चालू. घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग जपणारी सीमॉसची बॅटरी संपलेली, लॅपटॉपच्या आत ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि दोन वायरींच्या टोकाला असते, ती बदलली आणि बायोसमधल्या बाकीच्या सेटिंग एकदा परत बघून घेतल्या, कारण बॅटरी गेली की त्याही मूळ जागी जातात आणि साटाचा मोड गुपचूप बदललेला सापडतो. वायफायची चिप अशा जातीची होती जिला वेगळं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं, आणि फर्मवेअर आणायला इंटरनेट लागतं, तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, मिंटला ते तारेचं नेटवर्क म्हणून दिसलं, ड्रायव्हर मॅनेजरने पुढचं केलं. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्टही आहे आणि कागप फोनेटिकही, काकांना फोनेटिक दिला, त्यांनी पहिल्याच तासात अर्धं पान टाइप करून जोडाक्षरांबद्दल तक्रारही नोंदवली.

आता चालतं काय आणि चालत नाही काय. मिंट आणि एक्सएफसीई रिकामे असताना पाऊण-एक जीबी घेतात, उरलेली ब्राउझरसाठी. लिब्रेऑफिस, मेल, बँक, सगळं आरामात. व्हिडिओ ७२०पी पर्यंत ठीक, तेही एच२६४ या पद्धतीने दाबलेला असेल तर, कारण व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धती हार्डवेअरवर उलगडायची सोय या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार दोन कोअरवर येतो आणि १०८०पी ला फ्रेम गळायला लागतात. काकांना सांगितलंय की क्वालिटी ७२० ला ठेवा, त्यांना या स्क्रीनवर फरकही कळत नाही.

"पण मग विंडोजमध्ये इतके दिवस कसं काय चालत होतं रे?" हे त्यांनी नंतरही विचारलं. मी कागदावर एक उभा पट्टा काढला, वरचा तुकडा रेघोट्या मारून बंद केला आणि म्हटलं, "काका, विंडोज या खोलीत कधी गेलंच नाही." ते त्यांना पटलं. खराब स्टिकवर मार्करने मोठी फुली मारून ठेवलीय, नाहीतर अशा स्टिक डब्यात पडून राहतात आणि वर्षभराने कुणाच्या तरी मशीनमध्ये जाऊन बसतात.

बॅटरी अर्धा तास सुद्धा टिकत नाही, ती या वयात टिकणारही नाही. आणि झाकण बंद करून उघडल्यावर वायफाय कधी येतं कधी येत नाही, नेटवर्क बंद-चालू केलं की येतं. "कधी येतं कधी नाही" म्हटल्यावर कान टवकारले खरे, पण कर्नलच्या लॉगमध्ये बघितलं तर जेव्हा येत नाही तेव्हा दरवेळी फर्मवेअर लोड होतानाची एकच ओळ असते, म्हणजे हे बहुधा ड्रायव्हरचं आहे. पुढच्या कर्नल अपडेटनंतर परत बघणार, तोवर काकांना झाकण बंद करायच्या ऐवजी शटडाउन करायला सांगितलंय.